ओंकारच्या शेवटच्या होम मॅचला

डिसेंबरच्या अखेरीस ओंकारचा फोन आला तेव्हा मी शाळेत दहावीच्या सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका काढत बसलो होतो.

"बाबा, जानेवारीत इकडे येता का? आमची शेवटची होम मॅच आहे. फायनल इयरवाल्यांच्या घरच्यांना त्या दिवशी मैदानात नेतात."

'सराव परीक्षा आहे रे,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि "येतो" म्हणालो. बहुधा त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. दहा वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

दुबईचे ते बारा दिवस मला लिहायचे आहेत, पण एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ओंकार अकरा वर्षांचा असताना त्याची आई, माझी बायको वैजयंती, आजारी पडली. तिचं दुखणं लांबणार हे कळल्यावर मी मुलाला सहा महिन्यांसाठी म्हणून माझ्या बहिणीकडे, शुभाकडे, दुबईला पाठवलं. वर्षभराने वैजयंती गेली, तेव्हा त्याची सहावीची वार्षिक परीक्षा चालू होती. दहावीचीही नव्हे, सहावीची. मी शुभाला फोनवर सांगितलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. नऊ दिवस त्याला कुणी काही सांगितलं नाही. शेवटचा पेपर चित्रकलेचा होता. तो देऊन घरी आल्यावर त्याला सांगितलं आणि तेराव्याला तो मिरजेत, आमच्या घरी, पोचला. त्यानंतर तो दुबईलाच राहिला. तिथे त्याची शाळा चांगली आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं म्हणजे त्या मुलाच्या नजरेसमोर रोज बसावं लागणार नाही, याचं मला बरं वाटलं होतं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क

नावात पार्क असलं तरी आपल्या कुपवाड एमआयडीसीला रुंद रस्ते आणि खजुराची झाडं दिली तर जे होईल ते हे. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वसाहती आणि मधे कुटुंबांच्या इमारती. शुभाचे यजमान विलासराव इथल्या खोक्यांच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीतून पहाटे कामगारांच्या पांढऱ्या बसची रांग दिसते. खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं.

विमानतळावर ओंकारने वाकून नमस्कार केला. एकशे पाच किलोचा मुलगा. मला त्याची पाठ दिसली, आणि ही पाठ वाढताना आपण पाहिलेली नाही, एवढंच मनात आलं. मग त्याने माझी बॅग एका बोटाने उचलली आणि म्हणाला, "तुम्ही दमला असाल." आत्याला तो 'तू' म्हणतो.

सकाळी शुभाने थालीपीठ केलं आणि वर लोण्याऐवजी लबनेह घातला. लबनेह म्हणजे आपला चक्काच, जरा खारट. थालीपिठाशी तो इतका जमतो की परत आल्यावर मी चक्क्यात मीठ घालून पाहिलं, पण ती चव आली नाही.

"उद्या शिरा कर," मी सहज म्हणालो. "ओंकारला आवडायचा ना?"

शुभाचा हात तव्यावरच थांबला. ओंकार कॉलेजला गेला होता, तरी तिने दाराकडे पाहिलं.

"तो शिरा खात नाही, दादा. तेव्हा मी नऊ दिवस रोज केला होता. पोर पेपर देऊन यायचं, मी समोर वाटी ठेवायची. दुसरं काय करू ते मला सुचायचं नाही. नंतर त्याने कधी हात लावला नाही. मीही करत नाही आता."

तिने तो तवा उगाचच घासायला घेतला. तिच्यावर मी काय लादलं होतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलंही नव्हतं. खोटं बोलायचं ठरवलं मी आणि रोज बोलली ती.

संध्याकाळी सराव पाहायला गेलो. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा संबंध फार थोडा येतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि खेळ सगळा हातांचा आणि खांद्यांचा. शुभाची मुलगी तन्वी सातवीत आहे. तिने मला नियम शिकवायचं अंगावर घेतलं.

"इट्स सिंपल, संजूमामा. फोर चान्सेस, टेन यार्ड्स. दॅट्स इट."

"म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं?"

"यस. नाही गेलात तर बॉल दुसऱ्यांना."

"आणि गेलो तर?"

"देन यू गेट फोर मोअर. व्हाय आर यू रायटिंग इट डाउन?"

मी गणिताचा शिक्षक आहे. लिहून घेतल्याशिवाय मला कळत नाही.

संघात चोवीस मुलं. लेबनॉनचा रामी चेंडू फेकतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. ओंकारची जागा त्याच्या पुढे, बरोब्बर मधे. तो वाकून चेंडू जमिनीवर धरतो आणि रामीने हाक दिली की दोन पायांमधून मागे देतो. त्याच क्षणी समोरचा तेवढाच दांडगा माणूस त्याच्यावर येऊन आदळतो. त्याला अडवून धरायचं, म्हणजे रामीला फेकायला वेळ मिळतो. टाळ्या रामीला. ओंकार तोवर कुणाच्या तरी खाली असतो.

मॉरिस नावाचे अमेरिकन कोच आहेत. डोक्यावर गवती हॅट, गुडघ्याला पट्टा. मुलांना हाकताना ते "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, असं आपल्या अमेरिकन उच्चारात ओरडतात. त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की या मुलाच्या जागी उभं करायला माझ्याकडे दुसरा कुणी नाही. मी मान हलवली. हे ऐकायचा मान खरं तर विलासरावांचा होता. ते शेजारी उभे राहून पाण्याच्या बाटल्या मोजत होते.

रविवारी संध्याकाळी मिरजेहून दिनूमामांचा फोन आला. दिनकर म्हणजे वैजयंतीचा थोरला भाऊ. त्यांचं मिरजेत पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करून देण्याचं दुकान आहे. दर रविवारी ते ओंकारला फोन करतात. मी तिथे असल्याने पहिल्यांदाच दोघांचं बोलणं ऐकलं.

"काय पैलवान, या आठवड्यात किती पाडलेस?"

"मामा, पाडायचं नसतं. अडवायचं असतं."

"तेच ते. निम्मी कुस्ती, निम्मी कबड्डी आणि भांडायला मधे एक चेंडू. बाबा आलेत ना? त्यांना मैदानात नीट चालायला शिकव. शाळेत चालतात तसे हात मागे बांधून चालतील."

ओंकार खो खो हसला. तो असा हसतो हे मला माहीत नव्हतं.

उम्म अल कुवैन

झालेल्या पाच सामन्यांपैकी तीन जिंकलेले. अंतिम सामन्याला जायचं तर उरलेले दोन्ही जिंकायला हवेत, असं विलासरावांनी गाडीत समजावलं. त्यातला पहिला उम्म अल कुवैनला.

दुबईच्या काचेच्या इमारती मागे पडल्या की उत्तरेकडे सगळं बसकं आणि शांत होत जातं. इथला समुद्र जमिनीत शिरून उथळ पसरला आहे. त्यात तिवरांची हिरवी बेटं आणि लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. भिगवणला उजनीच्या पाण्यात लोक गाड्या करकरून पाहायला येतात ते हेच पक्षी. इथे त्यांच्याकडे पाहायला मी एकटाच. रस्त्याकडेच्या टपरीतून विलासरावांनी भोंगा वाजवून करक चहा मागवला. गाडीतून उतरायचं नाही, पोऱ्या खिडकीशी आणून देतो. "दीड दिरहम. म्हणजे छत्तीस रुपये," ते म्हणाले. वीस वर्षं इथे राहून हा हिशेब त्यांच्या जिभेवरून उतरलेला नाही. चहा आपल्या बासुंदीसारखा आटवलेला, वेलदोडा सढळ.

सामन्यात माझ्या हातून एक घोळ झाला. मैदानाच्या कडेला दोरी होती आणि तिच्यापलीकडे जायचं नाही हे तन्वीने बजावलं होतं. उत्तरार्धात एकदा आठ-दहा जणांचा ढीग झाला. सगळे उठले, पण सर्वांत खालचा उठेना. त्याच्या पाठीवरचा आकडा दिसला आणि मी दोरी ओलांडून आत पळालो. मधेच शिटी वाजली. पंचाने खिशातून पिवळं फडकं काढून जमिनीवर टाकलं. तोवर ओंकार उठून बसला होता, नुसता दम गेला होता. फडकं माझ्यासाठी होतं. बाहेरचा माणूस मैदानात आल्याबद्दल आमच्या संघाला पंधरा यार्ड मागे नेलं.

मी हात जोडून कोचची माफी मागितली. त्यांनी हॅट काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "फर्स्ट टाइम फॉर मी, सर."

सामना आम्ही जिंकला, नाहीतर मी तोंड दाखवू शकलो नसतो. नंतर मुलं माझ्याभोवती जमली. रामीने माझं नावच 'अंकल फिफ्टीन' ठेवलं.

"बाबा, मला काही झालं नव्हतं," ओंकार बूट सोडताना म्हणाला.

"मला काय माहीत?"

"आत्यासुद्धा कधी आत आली नाही."

ही तक्रार होती की काय, कळेना. त्याने बूट बाजूला ठेवला आणि खाली मान घालून हसला. मग आम्ही समुद्रकाठच्या एका छोट्या हॉटेलात माशांची बिर्याणी खाल्ली. तिच्यात काळं, वाळवलेलं लिंबू अख्खं असतं. मी ते चिंचेचं बोटुक समजून चावलं आणि पूर्ण टेबलाची करमणूक केली.

देरा

मधल्या आठवड्यात सगळे कामावर, म्हणून मी मेट्रोने एकटा देऱ्याला गेलो. सोन्याच्या बाजारात काचेआड अख्खे अंगरखे सोन्याचे. ते मी लांबूनच पाहिले. जास्त वेळ धक्क्यावर घालवला. तिथे लाकडी गलबतं एकमेकांना चिकटून उभी असतात आणि काठावर फ्रीज, टायर, कांद्याची पोती, शिलाई मशिनं असा कुणीही राखण न करता माल पडलेला असतो.

खाडी ओलांडायला छोटी लाकडी होडी असते, अब्रा. तिच्यात माझ्या शेजारी बसलेल्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "गाववाले काय?" गुहागरजवळचा सदानंद. चौदा वर्षं इथे इमारतींच्या सळ्या बांधतो. त्याला त्या दिवशी सुट्टी होती, घरी पैसे पाठवायला आला होता. मुलाचा सामना बघायला आलोय म्हटल्यावर त्याला फार कौतुक वाटलं. पलीकडे उतरून आम्ही काठावर बसलो. बोलता बोलता वडिलांवर विषय आला.

"बाप गेला तेव्हा मी अबुधाबीला साइटवर होतो. भावानं तीन दिवस सांगितलंन नाही. काम होऊ दे म्हणून. रोज फोन करायचा. जेवलास काय, झोप लागते काय. एवढी चौकशी त्यानं जन्मात केलीन नव्हती."

"मग तुम्हाला कळलं असेल."

"कळलंच. पण मीपण विचारलं नाही. विचारलं तर खरं होईल ना. तीन दिवस दोघंही खोटं बोललो."

"राग आला भावाचा?"

"राग नाय. त्यानं माझ्या भल्यासाठीच केलंन. पण सर, त्या तीन दिवसांत मी दोनदा बिर्याणी खाल्ली. रूमवर पिक्चर बघितला, हसलो. बाप तिकडे जळून गेला नि मी हसत होतो. ते अजून गळ्याशी येतं."

मी त्याला माझं काहीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तो उठला, हातातली पाण्याची बाटली मला दिली आणि "मुलाला सांगा, कोकणातला एक माणूस पण जीत मागतोय" असं म्हणून गर्दीत गेला.

परतताना मेट्रोत मी ठरवलं, ओंकारशी एकदा बोलायचं. रात्री जेवताना तो समोर बसला आणि मी त्याला प्रोटीनबद्दल विचारलं.

शनिवार

घरच्या मैदानावरच्या सामन्याला एकेका घराने मुलांचं खाणं आणायचं अशी संघाची पद्धत आहे. गेल्या वेळी सैफ नावाच्या इथल्याच मुलाच्या आईने परातभर लुकैमात आणले होते. खजुराच्या पाकातले गोल गुलगुलेच ते. या वेळी पाळी शुभाची. ऐंशी बटाटेवडे. सकाळपासून मी बटाटे सोलत होतो. ओंकार अकरालाच कॉलेजला गेला. खेळण्याआधी चार तास कोच सगळ्यांचे फोन एका बादलीत जमा करतात.

सव्वाला माझा फोन वाजला. मिरजेहून दिनूमामांचा मुलगा सुमित.

"काका, पप्पा गेले." दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. पाऊण तास झाला होता.

मी शुभाला सांगितलं. ती झारा हातात धरून तशीच खाली बसली. मग म्हणाली, "दादा, आत्ता नको. सामना होऊ दे."

"दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे, संजयराव," विलासराव म्हणाले. "आता सांगून तो काय करणार? फ्लाइट उद्याची. चोवीस पोरांचा सीझन आहे. त्याच्या जागी दुसरा माणूस नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर शुभाने सगळा दोष स्वतःवर घेतला. मी "बरं" म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. नऊ वर्षांपूर्वी फोनवर मी ह्याच आवाजात बोललो होतो.

गाडीत गरम वड्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. मैदानावर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ओंकार लांब मुलांत उभा होता. रामीने काहीतरी सांगितलं आणि तो त्या दिवशी फोनवर हसला होता तसा, खो खो हसला. मला पाहून त्याने हात उंचावला. सदानंदचं गळ्याशी येणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आणखी तीन तासांनी मी बातमी सांगेन आणि हे हसणं त्याच्या मनात कायमचं नासून जाईल.

शेवटच्या वर्षाची पाच मुलं घरच्यांना घेऊन एका पत्र्याच्या शेडजवळ रांगेत उभी राहिली. आम्ही तिसरे. ओंकारच्या डावीकडे शुभा, उजवीकडे मी. विलासराव कॅमेरा घेऊन समोर गेले होते. दोघांनाच नेता येतं आणि त्यांनी स्वतःहून मला जागा दिली होती.

"ओंकार," मी म्हणालो, "दिनूमामा गेले."

शुभाने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

हातातलं हेल्मेट ओंकारने फिरवून पोटाशी धरलं.

"कधी?"

"दुपारी. आपल्याकडचे दोन. हार्ट अटॅक."

"आता तिकडे पाच वाजलेत."

"हो. मला पावणेतीनला कळलं. इथले सव्वा. सामना झाल्यावर सांगायचं असं ठरवलं होतं. आत्याने नाही, मीच हो म्हटलं."

"मग?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. दहा वर्षांचं. रांग पुढे सरकत होती, पहिल्या मुलाचं नाव पुकारलं जात होतं.

"मागच्या वेळी मी नऊ दिवस तुला सांगितलं नाही," मी म्हणालो. "ते चुकलं. फार चुकलं. हे आधी बोलायला हवं होतं, बोललो नाही."

"मला माहितीये नऊ दिवस," तो म्हणाला. "मी मोजलेत. सायन्सच्या पेपरच्या आदल्या रात्री ती गेली." मग हात पुढे केला. "फोन द्या."

त्याने सुमितला लावला, मग मामींशी बोलला. फार काही नाही. हो, हो, उद्या येतो, बाबांबरोबर येतो. जर्सीखाली खांद्यांवर घातलेल्या ढालींमुळे त्याला फोन कानाशी नीट धरता येत नव्हता, म्हणून मी धरला. रांगेत आमच्या मागे असलेल्या सैफच्या आईला आमची भाषा कळत नव्हती, पण तिने आपल्या लोकांना थोडं मागे सरकवलं.

कोच मॉरिस आले. ओंकारने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं.

"सन, यू डोंट हॅव टू प्ले."

"आय नो, कोच."

आमचं नाव पुकारलं. शुभाला रडू आवरेना. "आत्या, रडू नको, काका फोटो काढतायत," असं म्हणून त्याने तिचा हात धरला. माझा हात त्याने धरला नाही. पण मी हात मागे बांधून चालतोय हे लक्षात आल्यावर कोपराने हळूच ढकलून सोडवायला लावले. आम्ही मैदानाच्या मधोमध गेलो. तिथे उन्हात उभे राहिलो. लोक टाळ्या वाजवत होते.

तो खेळला. पहिलाच चेंडू त्याने मागे दिला तो रामीच्या डोक्यावरून गेला. समोरच्यांनी उचलला आणि पळत जाऊन सहा गुण घेतले. सगळ्या हंगामात त्याचा एकही चेंडू असा गेला नव्हता, विलासराव पुटपुटले. त्यानंतर मात्र त्याचं एकदाही चुकलं नाही. चुरशीचा झाला सामना. शेवटच्या मिनिटापर्यंत शुभा उभी होती. आम्ही सहा गुणांनी हरलो.

वजाबाकी मला चांगली येते. सहा गुण कुणाचे ते मला कुणी सांगायला नको होतं.

मुलं गवतावर बसली होती, काही रडत होती. मी वड्यांचा डबा घेऊन त्यांच्याकडे कसा जाऊ, कळेना. रामीच उठून आला. त्याला बातमी कळली होती. मला वाटलं, हा आता विचारेल, अंकल, दोन तास थांबता आलं नाही? त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "अल्लाह यर्हमु, अंकल." देव त्यांच्यावर दया करो. मग डबा माझ्या हातातून घेतला आणि पोरांना हाक मारली, "यल्ला शबाब, अंकल फिफ्टीन हॅज फूड."

ऐंशी वडे संपायला काही फार वेळ लागला नाही. ओंकारने चार खाल्ले. मी शेजारी बसलो होतो.

"पहिला चेंडू त्यामुळेच गेला, बाबा," तो म्हणाला.

"मग मी नंतर सांगायला हवं होतं?"

त्याने बोटांची चटणी गवताला पुसली. आत्या ओरडेल म्हणून तिच्याकडे पाहिलं, मग विचार करू लागला. मला धीर देण्यासाठी त्याने घाईने उत्तर दिलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "मग मी तुमच्याबरोबर हसत हसत मैदानात गेलो असतो. आणि तुम्हाला माहीत असतं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मामांचं दुकान आता सुमित बघणार का?" मग आम्ही दिनूमामांबद्दल बोलत बसलो. त्यांनी त्याला सहाव्या वर्षी तांब्याची तार गुंडाळायला कसं शिकवलं होतं, पहिल्यांदा सगळा गुंता झाल्यावर ते कसे हसले होते. मग त्याने आपणहून आईबद्दल दोन गोष्टी विचारल्या. त्या मी इथे लिहीत नाही. मला येत होती तेवढी उत्तरं दिली. दोन्ही खरी दिली.

मिरज

दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने आम्ही दोघं पुण्याला उतरलो आणि संध्याकाळी मिरजेत पोचलो. रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी होतं, त्याला तो वेळेत आला होता. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वरच्या मजल्यावर बायका बसल्या होत्या. मामी भिंतीला टेकून होत्या. ओंकार दारातून आत शिरताना त्याला वाकावं लागलं. तो त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसला, तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"आलास बाळा," त्या म्हणाल्या. "सामना होता ना तुझा? मामा शुक्रवारपासून सगळ्यांना सांगत होते." मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. "तुला कधी कळलं रे?"

मी दाराशी चपला काढत होतो. कळल्यावर सव्वादोन तास मी थांबलो होतो आणि हे त्याला नेमकं माहीत होतं.

"लगेच, मामी," ओंकार म्हणाला. "बाबांनी लगेच सांगितलं."

चपला काढून झाल्या होत्या, तरी आत जायला मला थोडा वेळ लागला.